काळ्या सायकलचं हँडल चिमट्यात जाम होतं, सुटतं आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा जाम होतं

वरचा बोल्ट सैल केला, त्यावर हातोडी मारली, बोल्ट टक् करून खाली बसला, आणि तरीही हँडल तसूभर हललं नाही. पुढचं चाक गुडघ्यांत धरून पिळलं तर हँडल आणि चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग, जणू एकाच लोखंडातून घडवलेले. हँडलची उंची बदलायची असो, मानेतले छरे आणि वाट्या बदलायच्या असोत, की रंगासाठी फ्रेम मोकळी करायची असो, सगळं काम हँडलखालच्या या एका दांड्यापाशी येऊन थांबतं.

माझ्याकडे हे एकाच सायकलीला दोनदा झालं. सायकल वडिलांची. काळी, चोवीस इंची, रॉडच्या ब्रेकची. ठाण्यात नौपाड्यातून वागळे इस्टेटला पाळीला जायला ते ती वर्षानुवर्षं वापरत होते. निवृत्तीनंतर ती आमच्या इमारतीच्या जिन्याखाली उभी राहिली. दांडा पहिल्यांदा जाम झाल्याचं लक्षात आलं तेव्हा मी ती एका दुकानात नेली. एकाने चाक धरलं, दुसऱ्याने हँडलच्या मुठीत पाइप घालून पिळलं. दांडा निघाला, पण चिमट्याचे दोन पाय पिळले गेले. चाक मडगार्डच्या एका बाजूला घासायला लागलं आणि हात सोडला की सायकल डावीकडे ओढायला लागली. चिमटा सरळ करून घ्यायला वेगळा खर्च आणि महिनाभर वाट. दुसऱ्यांदा मी स्वतः काढला, नऊ दिवस लावून. चिमटा शाबूत राहिला आणि पहिल्या वेळी कुणी पाहिलीच नव्हती ती गोष्ट या वेळी दिसली, की पाणी नेमकं कुठून शिरतंय.

आत काय असतं ते आधी

हँडलखालचा दांडा चिमट्याच्या उभ्या नळीत उतरतो आणि ती नळी फ्रेमच्या पुढच्या जाड नळीत वाट्या-छऱ्यांवर फिरते. चिमट्याच्या नळीचा बाहेरचा व्यास एक इंच, म्हणजे २५.४ मिमी. भिंत साधारण १.६ मिमीची, म्हणून आतली पोकळी २२.२ मिमी. दांडाही २२.२ मिमीचाच. ही मापं इंग्लंडहून आली आणि आपल्या काळ्या सायकलींनी ती तशीच ठेवली. दोन्हींच्या मधली फट इतकी बारीक, की तेल घालायला गेलं तर जागा दिसत नाही. पण पाणी मात्र तिच्यात आपोआप चढतं, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावं तसं.

दांड्याच्या तळाशी उभी चीर असते. त्या टोकाला शंकूसारखा नट असतो आणि वरून येणारा लांब बोल्ट त्याच्या आट्यांत फिरून बसतो. बोल्ट आवळला की शंकू वर ओढला जातो, चीर फाकते आणि दांडा नळीच्या भिंतीला घट्ट धरतो. काही सायकलींत शंकूऐवजी तिरका कापलेला ठोकळा असतो. काम तेच.

आता पोलादी नळीत पोलादी दांडा, मध्ये पाणी, आणि गंज. गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. ती जागा तिथे नाही. म्हणून तो दोन्ही नळ्यांना पाचर ठोकल्यासारखा आवळून बसतो. नुसतं वर ओढून हा दांडा का निघत नाही, याचं उत्तर एवढंच आहे.

खरंच गंजलाय का, हे तपासा

बोल्ट चार-पाच फेरेच सैल करा, पूर्ण काढू नका. डोकं वर आलं की त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा एक नीट फटका द्या. बोल्ट खाली गेला तर शंकू सुटला, आता अडचण गंजाची. बोल्ट दगडासारखा उभा राहिला तर शंकूच अजून अडकलेला आहे. मग आधी त्याच्यासाठी तेल, आणि फटके हलकेच. बोल्टचे आटे मोडले तर पुढचं सगळं काम दुप्पट होतं.

तिसरी शक्यता म्हणजे बोल्ट नुसता गोल फिरतो आणि वर येत नाही. शंकूच्या बाजूला चिरीत बसणारे उंचवटे असतात. ते झिजले की शंकूही बोल्टबरोबर फिरतो. बोल्टच्या डोक्याखाली दोन बाजूंनी पेचकस घालून वर दाब देत फिरवा. ताणामुळे शंकू चिरीत रुततो आणि आटे सुटायला लागतात.

एक लक्षण मात्र वाईट. कुणी तरी उंची वाढवायला दांडा फार वर ओढून बोल्ट आवळला असेल, तर शंकू नळीच्या वरच्या, आटे पाडलेल्या भागात फाकतो. तिथली भिंत आट्यांमुळे आधीच पातळ असते. ती फुगते. लॉकनट, म्हणजे चिमट्याच्या नळीच्या वरच्या टोकाचा नट, फिरवताना एका जागी जड जायला लागला, तर हेच समजा. असा चिमटा मी पुन्हा रस्त्यावर नेणार नाही, कितीही जुना आणि जिव्हाळ्याचा असला तरी. मान तुटली तर माणूस तोंडावर पडतो.

तेल वरून नाही, खालून

सगळे वरून तेल सोडतात. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. वरचं तेल लॉकनटच्या कडेला ओघळतं, छऱ्यांतलं ग्रीस धुऊन काढतं आणि दांड्याच्या तळापर्यंत फारसं पोचतच नाही. पकड तर तळाशी असते.

पुढचं चाक काढा, मडगार्ड काढा. अनेक काळ्या सायकलींत चिमट्याच्या खांद्याखाली नळीचं तोंड उघडं दिसतं. रॉडचे ब्रेक असतील तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही रॉडचे हँडलजवळचे स्क्रू सोडवायला विसरू नका. हँडल अचानक फिरलं तर रॉड वाकतात आणि जुन्या मापाचे रॉड आता सहज मिळत नाहीत. मग सायकल उलटी करा, सीट आणि हँडलवर उभी. बोल्टच्या डोक्याखाली रबरी वायसर घालून बोल्ट हाताने जेवढा फिरेल तेवढाच बसवा, म्हणजे तेल खाली गळणार नाही. आता नळीच्या उघड्या तोंडातून तेल ओता. ते दांड्याच्या चिरलेल्या टोकावर साचून राहतं आणि फटीत उतरायला त्याला वेळ मिळतो. खाली जुनी चादर आणि पसरट डबा ठेवा, थोडं गळतंच.

कुठलं तेल? गंज सुटण्यासाठीच बनवलेलं पेनिट्रेटिंग ऑइल सगळ्यात बरं. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा डबा घरोघरी असतो. त्याच्या नावातली दोन अक्षरं पाणी हटवण्याबद्दल आहेत, आणि ओलावा काढायला तो चांगलाच आहे, पण इतक्या खोल गंजासाठी मी त्यावर विसंबत नाही. गॅरेजवाले ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल समप्रमाणात मिसळून वापरतात. ते झिरपतं छान, पण उभं ठेवलं की वेगळं होतं, म्हणून दर वेळी हलवायचं. ॲसिटोनने रंग आणि सोनेरी रेघा निघतात आणि त्याची वाफ पेट घेते. घरात, देवघरातल्या दिव्याजवळ किंवा स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ हे काम नको. मी गच्चीवर केलं.

सकाळ-संध्याकाळ तेल पाहायचं, कमी झालं की भरायचं. दर वेळी लाकडी हातोडीने दांड्यावर लॉकनटच्या वर चारही बाजूंनी हलके ठोके द्यायचे. या कंपनांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत सरकतं. माझ्या सायकलीला पाच दिवस काहीच घडलं नाही. सहाव्या दिवशी लॉकनटच्या कडेला तपकिरी तेलाचा एक थेंब दिसला. तळात ओतलेलं तेल दांड्याच्या पूर्ण लांबीतून झिरपून वर, म्हणजे उलट्या सायकलीत खाली, पोचलं होतं. ती खूण दिसेपर्यंत जोर लावू नका. किती दिवस, हे सांगता येत नाही. तो थेंबच सांगतो.

पिळताना धरायचं कुठे

हाच सगळ्यात मोठा मुद्दा. चाक धरून पिळलं तर सगळा पीळ रिममधून, आऱ्यांतून आणि चिमट्याच्या दोन बारीक पायांतून जातो. पाय पिळतात, दांडा हलत नाही. धरायचा तो चिमट्याचा खांदा, जिथे दोन पाय आणि नळी एकत्र येतात. तिथे लोखंड सगळ्यात जाड असतं.

घरी एवढा मोठा व्हाइस, म्हणजे वस्तू आवळून धरायचा शिकंजा, नसतो. मी सायकल वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात नेली. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांनी सायकल बघितली आणि म्हणाले, "गॅस मारू का? दोन मिनिटांत सुटेल."

"नको काका, तेल भरलंय आत. पेटेल. आधी पिळून बघू या."

त्यांनी खांद्याच्या दोन्ही बाजूंना सागाचे ठोकळे लावून तो व्हाइसमध्ये धरला. फ्रेम बाजूला आडवी, एका पोराने पेललेली. मी हँडल धरलं. काळ्या सायकलींत हँडल आणि दांडा सहसा एकच जोडलेला तुकडा असतो आणि हँडल रुंद असतं, त्यामुळे हाताला पुरेसा जोर मिळतो. पाइप लावू नका. जोड तुटला तर दांडा आतच राहील आणि पकडायला काही उरणार नाही.

"सैल करायचं म्हणून एकाच बाजूला जाऊ नकोस," काका म्हणाले. "जिकडे केसभर जाईल तिकडे जाऊ दे, मग परत आण."

उजवीकडे काही नाही. डावीकडे काही नाही. पुन्हा उजवीकडे, आणि चुर्र असा एक कोरडा आवाज. हँडल हललं ते डोळ्यांना दिसलंही नाही, हातालाच कळलं. इथे हुरूप येऊन जोर वाढवायचा मोह होतो. उलट थांबायचं. पुन्हा तेल, पंधरा मिनिटं थांबून तेवढंच मागे, तेवढंच पुढे. अंशा-अंशाने फेरा वाढतो, कुस्करलेला गंज लाल चिखल होऊन बाहेर यायला लागतो. पूर्ण अर्धवर्तुळ फिरायला लागल्यावरच वर ओढायला सुरुवात करायची, आणि तीही फिरवत फिरवत. आम्हाला पाऊण तास लागला.

वर ओढायला आधी हातोडा वापरू नका. न फिरलेल्या दांड्यावर मारलेला प्रत्येक फटका गंजातून चिमट्याला आणि तिथून वाट्यांना बसतो. छऱ्यांचे खळगे वाट्यांत उमटतात आणि नंतर हँडल सरळ जागी येताना अडकल्यासारखं होतं.

उष्णतेबद्दल थोडं

शंभर अंशांनी तापवली तर २२.२ मिमीची पोलादी नळी जेमतेम ०.०२७ मिमी फुगते. दांडाही पोलादीच असल्यामुळे तो तेवढाच फुगतो. म्हणजे फायदा फुगण्याचा नाही, बाहेरची नळी आतल्यापेक्षा आधी तापण्याचा आणि त्या धक्क्याने गंजाची पकड तुटण्याचा आहे. फ्रेममध्ये असताना चिमट्याच्या नळीला ज्योत लावताच येत नाही, मध्ये फ्रेमची नळी आणि तिचा रंग. मी फ्रेममध्ये असताना गॅस मारायच्या विरोधात आहे. तेल भरलेल्या नळीवर तर कधीच नाही.

दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर

जुन्या रेसिंग सायकलींत चिमटा पोलादी आणि दांडा ॲल्युमिनियमचा असतो. इथे कारण वेगळं. दोन वेगळे धातू, मध्ये खारट ओलावा, म्हणजे छोटी बॅटरीच. आणि खाडीकाठच्या आपल्या गावात खारट ओलावा बारा महिने. ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी फुगून बसते. लोखंडाच्या गंजाचं तेल तिच्यावर फारसं चालत नाही. तिथे अमोनियाचं पाणी त्याच पद्धतीने, खालून, उघड्या हवेत, हातमोजे घालून वापरतात. ब्लीचिंगचं काहीही त्याच्याजवळ आणू नका, दोन्ही मिळून विषारी वायू होतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून तापवलं तर ते आणखी घट्ट होईल. थंड करा, बर्फाने, आणि लगेच पिळा. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम विरघळवतो आणि पोलादाला हात लावत नाही, हे खरं. पण त्यात हायड्रोजन निघतो, उष्णता निघते, रंग जातो आणि एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. घरी ते करू नका, एवढंच माझं मत.

काहीच चाललं नाही तर

दांडा कापायचा. चिमटा वाचवायचा असेल तर दांडा बळी द्यावा, उलटं नाही. आधी बोल्ट पूर्ण काढा. लॉकनटच्या वर दोन बोटं जागा सोडून हॅकसॉने कापा. मग लॉकनट आणि वरची वाटी काढून चिमटा, आत अडकलेल्या तुकड्यासकट, फ्रेममधून खाली निघतो. खाली चादर अंथरा, छरे सुटे असतात आणि ते घरंगळतात. लॉकनट सांभाळून ठेवा. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅले सायकलींना इंचाला २६ आटे, बाकी बहुतेकांना २४. चुकीचा नट बळेच चढवला तर आटे गेलेच.

सुटा चिमटा हाताशी आला की सगळं सोपं होतं. तेल पुसून, सुकवून, आता नळीला बाहेरून उष्णता देता येते आणि उरलेल्या दोन बोटांना पाइप पान्याने पकडता येतं. तेही नाही झालं तर शंकू खाली पाडायचा, हॅकसॉचं नुसतं पातं कापडात धरून दांड्याच्या आतून उभी चीर पाडायची आणि तो आत दुमडायचा. चिमट्याच्या भिंतीला पातं लागू नये म्हणून दर मिनिटाला बोटाने पाहा. हे धीराचं काम आहे. हात सरावलेला नसेल तर लेथवाल्याकडे द्या.

पुन्हा का जाम झाला

दुसऱ्यांदा दांडा निघाला तेव्हा मी तो पुसला नाही. पहिल्या वेळी दुकानात तो लगेच पॉलिश पेपरने चकचकीत केला होता आणि सगळा पुरावा त्यातच गेला. या वेळी उन्हात आडवा ठेवून नीट पाहिला. वरचा अर्धा भाग जवळजवळ स्वच्छ. मी लावलेलं ग्रीससुद्धा तिथे अजून होतं. तळाची दोन इंचं लाल आणि चिरीत सुकलेली माती. वरून पाणी आलं असतं तर लॉकनटखाली गंजाचं कडं दिसलं असतं. माती वरून येत नाही.

मडगार्ड उलटं करून पाहिलं. चिमट्याखालचं बोल्टचं भोक गंजून रुपयाएवढं झालं होतं. मी पावसात सायकल चालवायचो तेव्हा पुढचं चाक जे पाणी उडवत होतं, ते त्या भोकातून थेट नळीच्या उघड्या तोंडात जात होतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतलं पाणी, खडीच्या भुकटीसकट. ग्रीस कितीही लावलं तरी ते वर्षभरात धुऊन जाणार.

म्हणून तुमचा दांडा निघाला की आधी गंज कुठे आहे ते पाहा. फक्त वर कडं असेल, तर लॉकनटच्या फटीतून पाणी. दांड्याच्या आतल्या बाजूने लाल ओघळ असतील, तर वरच्या बोल्टच्या डोक्यापासून. तळाशी माती, तर खालून. पूर्ण दांडा सारखाच तपकिरी असेल, तर सायकल वर्षानुवर्षं दमट जागी नुसती उभी होती.

मी काय केलं ते सांगतो. मडगार्डच्या भोकाला आतून पत्र्याची चकती बसवून घेतली. नळीच्या खालच्या तोंडात बाटलीचं लाकडी बूच तासून, मेणात बुडवून बसवलं, त्याला मध्ये तीन मिमीचं भोक ठेवलं म्हणजे आत ओलावा साठला तर तो निथळेल. वरच्या बोल्टखाली रबरी वायसर. नळीची आतली बाजू लाकडी काठीवर पॉलिश पेपर गुंडाळून, रॉकेल लावून साफ केली, बोटाला खरखर लागेनाशी होईपर्यंत. मग दांड्याला, शंकूला, चिरीला आणि बोल्टच्या आट्यांना, सगळीकडे जाड ग्रीस. शंकू आणि दांडा जिथे घासतात तिथे ग्रीस नसेल तर पुढच्या वेळी बोल्ट सुटूनही शंकू अडकतो.

परत बसवताना दांडा किमान अडीच इंच नळीत उतरला पाहिजे, म्हणजे शंकू आट्यांच्या खाली राहतो. बोल्ट किती आवळायचा? पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळा. नेहमीच्या जोराला हलू नये, खूप जोराला मात्र केसभर फिरावं. त्यापुढे आवळलं तर नळी फुगायची भीती.

आता वर्षातून एकदा, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, बोल्ट सैल करून दांडा बाहेर काढतो, पुसतो, ग्रीस लावतो, परत घालतो. वीस मिनिटांचं काम. गेले तीन पावसाळे तळाची दोन इंचं काळीच आहेत, लाल झालेली नाहीत.